दोर सोडण्याआधीचा प्रश्न

इंजिन चालू होऊन दहा मिनिटं झाली होती. लाइफ जॅकेटं अंगावर चढली होती, आमिषाची पेटी मागच्या फळीखाली सरकवून झाली होती, पूर्वेकडे जेमतेम उजळायला लागलं होतं. तरी तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, धक्क्याचा दोर सोडेना. सुकाणूजवळून तो आमच्याकडे वळला आणि म्हणाला, "आज काय झालं म्हणजे तुम्ही खुशीत घरी जाल? एकेकानं सांगा. आत्ताच सांगा, दुपारी सांगून काही उपयोग नाही."

आम्ही सहाजण होतो. मी आणि माझे बाबा. एक बाई आणि तिचा अकरा वर्षांचा मुलगा. आणि दोन मित्र. हे दोघे आपापले रॉड कापडी पिशव्यांत गुंडाळून घेऊन आले होते, आणि अर्धवट उजेडात न बघता गाठी मारत होते, त्यावरूनच कळत होतं की हे बरीच वर्षं यात आहेत. गळानं मासे पकडायला, म्हणजे गरवायला, बोट एका दिवसासाठी भाड्यानं घेतलेली, जागा वाटून. बाबा सोडले तर बाकी सगळ्यांना मी त्या पहाटे पहिल्यांदाच पाहत होते.

मुलाला विचार करावा लागला नाही. "एक मासा. कुठलाही चालेल. पण मीच पकडलेला."

त्याची आई म्हणाली, "माझं काही नाही, त्याचं तेवढं बघा."

"त्याचं त्यानं सांगितलं. तुमचं सांगा, ताई."

ती जरा गोंधळली. मग म्हणाली, "हे सगळं चालतं कसं ते कुणी नीट सांगितलं तर मला ऐकायचंय. मला कुणी सांगतच नाही."

दोघा मित्रांपैकी एकाला ट्यूना हवा होता, स्वतःच्या रॉडवर, दुसऱ्या कुणाचा हात न लागता. दुसऱ्याला खडकाळ तळावरचे मासे गरवायचे होते, पण घरी एकही न्यायचा नव्हता. सोडलेला मासा जगला पाहिजे, एवढंच तो म्हणाला, आणि त्याची सोय बोटीवर आहे का हे लगोलग विचारून घेतलं. बाबा म्हणाले, "किनारा दिसेनासा होईल इतकं आत जाऊ या एकदा."

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "मला नक्की सांगता येत नाही." टाळायचं म्हणून नव्हे. त्याआधी सात-आठ वेळा तरी मी अशा बोटींवर गेले होते. किती वाजता यायचं, किती जण आहात, उन्हाची टोपी आणलीय का, हे सगळं मला विचारलं गेलं होतं. काय हवंय हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"बरं, मग बघत राहा," तो म्हणाला आणि त्यानं दोर सोडला.

बहुतेक बोटींवर हा प्रश्न येत नाही, कारण उत्तर ठाऊकच आहे असं धरून चालतात. मासे हवेत, भरपूर हवेत, मोठे हवेत. म्हणून फोन केला की पहिलं वाक्य ऐकू येतं, "काल काय मिळालेत, विचारू नका!" काल मिळाले असतीलही. पण कालचं पाणी वेगळं होतं, वारा वेगळा होता, आणि बोटीवरची माणसंही वेगळी होती. मला आवडलेला तांडेल तो, ज्यानं एकदा आदल्या संध्याकाळी फोन करून सांगितलं, "उद्या येऊ नका. वारा अठरा-वीस नॉटचा दिसतोय." म्हणजे ताशी साधारण पस्तीस किलोमीटर. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्टच्या मापात तो पाचवा आकडा. १८०५ साली फ्रान्सिस बोफर्ट यांनी शिडाच्या जहाजांसाठी बनवलेलं ते माप आजही हवामानाच्या अंदाजात वापरतात, आणि पाच म्हणजे समुद्रभर पांढरा फेस. त्याची दिवसभराची कमाई बुडणार होती, तरी त्यानं सांगितलं. तेव्हा मी चिडले होते, कारण रजा टाकून बसले होते. आज त्याच माणसाच्या बोटीवर मी डोळे मिटून चढेन.

आणि एका बोटीवर मी पुन्हा पाय ठेवणार नाही. तिथे मासे खूप मिळाले. फार हुशार खलाशी होता. तोच आमिष लावायचा, तोच दोरी सोडायचा, मासा लागला की झटका द्यायचा आणि मग रॉड माझ्या हातात कोंबून म्हणायचा, "ओढा, ओढा!" मी ओढायचे. मासा वर आला की तो सोडवून पेटीत टाकायचा आणि पुढचा रॉड तयार. चौदा मासे. संध्याकाळी फोटोत मी हसतेय, हातात मासा आहे, आणि त्या चौदांपैकी एकाचाही स्पर्श मला आठवत नाही. कोणता कसा लागला, कुठल्या खोलीवर लागला, काहीच नाही. खलाशाच्या मनात वाईट नव्हतं. माझं भलं होतंय असंच त्याला वाटत होतं, म्हणून मी बोललेही नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

हा केवळ माझा हट्ट नाही. रॉड कुणाच्या हातात होता या प्रश्नावर या छंदाचे नियमच उभे राहिलेत. १८९८ साली कॅलिफोर्नियाजवळच्या सांता कॅटालिना बेटापाशी चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोंचा, ब्लूफिन ट्यूना रॉड-रीलवर बोटीपर्यंत आणला. तोवर तिथे मोठे मासे जाड हातदोरीनं खेचून काढत. त्याच वर्षी होल्डर यांनी तिथे ट्यूना क्लब काढला आणि माशाला न्याय्य संधी मिळावी अशा बेतानं त्याचे नियम बांधले. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशननं हाच धागा जगभर नेला. त्यांच्या नियमात, मासा लागल्यापासून तो बोटीशी येईपर्यंत दुसऱ्या कुणी रॉडला, रीलला किंवा दोरीला हात लावला तर तो मासा विक्रमासाठी बाद. अगदी क्षणभर धरला तरी बाद. विक्रमाशी मला काही देणंघेणं नाही. पण त्या नियमामागची भावना मात्र माझ्या ओळखीची आहे.

त्या दिवशी पहिला थांबा जवळच्याच एका खडकावर होता, पाणी बारा-तेरा मीटर. मुलाच्या हातात तांडेलानं एक छोटा रॉड दिला आणि दोरीच्या टोकाला गोलसर वळलेला गळ बांधला. या गळाचं टोक सरळ वर न जाता दांड्याकडे आत वळलेलं असतं. मासा आमिष गिळून वळला की गळ घशातून निसटत सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. म्हणून माशाला इजा कमी होते आणि सोडलेला मासा जगण्याची शक्यता वाढते. पण एक अट आहे. झटका द्यायचा नाही. दोरी ताणली गेली की शांतपणे रील फिरवत राहायचं.

अकरा वर्षांच्या मुलाला सांगा बरं, टोकाशी टकटक होतेय तरी झटका देऊ नकोस! पहिले दोन गेले. तिसऱ्या वेळी आमच्या बोटीवरच्या खलाशाचा हात आपोआप रॉडकडे गेला आणि तांडेलानं तो हवेतच अडवला. काही बोलला नाही, फक्त मनगट धरलं. मुलगा दात आवळून रील फिरवत होता. आला तो इवलासा तांबोशी होता, वीतभर, लालसर, डोळ्यांत सगळं आश्चर्य घेऊन. मुलानं दोन्ही हात आधी पाण्यात बुडवले, कारण कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो असं त्याला तांडेलानं पाचच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. मग त्यानं मासा धरला, आणि कुणी सांगायच्या आत पाण्यात सोडला. "लहान आहे अजून," तो म्हणाला. चौदा मासे मिळालेल्या त्या दिवशी मी गमावलं होतं ते नेमकं हेच.

गळ टाकणाऱ्यांना काय हवं असतं यावर शास्त्रज्ञांनीही डोकं घातलंय, आणि मला ते वाचायला आवडतं. १९७७ मध्ये हॉब्सन ब्रायन या अमेरिकी अभ्यासकानं ट्राउट गरवणाऱ्यांकडे बघून त्यांची एक उतरंड मांडली. एका टोकाला कधीतरी सहज जाणारे, ज्यांना काहीही लागलं तरी चालतं. दुसऱ्या टोकाला एकाच पद्धतीत मुरलेले, जे पाणीही निवडून घेतात आणि मासा किती यापेक्षा कसा मिळाला याला मोल देतात. आमच्या बोटीवर मुलगा एका टोकाला होता, मासे सोडणारा मित्र दुसऱ्या. एकाच बोटीवर, एकाच दिवशी. तांडेलाचं काम किती अवघड असतं ते यावरून कळावं.

पुढे १९९४ मध्ये फेडलर आणि डिटन या दोघांनी वेगवेगळ्या पाहण्या एकत्र वाचल्या आणि दाखवलं की लोक मोकळी हवा, निवांतपणा, रोजच्या धबडग्यातून सुटका ही कारणं मासा मिळण्याच्या वर लिहितात. हे वाचून मला बरं वाटलं होतं. पण २००६ मध्ये रॉबर्ट आर्लिंगहाउस यांनी जर्मन गळकऱ्यांबद्दल जे लिहिलं त्यानं मी विचारात पडले. तिथेही लोकांनी येण्याची कारणं हवापाण्याचीच सांगितली होती, पण दिवस कसा गेला याचं समाधान मुख्यतः माशांवरच ठरत होतं. म्हणजे जाताना आपण म्हणतो, मिळालं नाही तरी चालेल. येताना रिकामी पेटी बघून मन खट्टू होतंच.

दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटतात. मी स्वतः दोन्ही अनुभवल्यात. रिकाम्या हातानं परतताना एखादा दिवस डाचत राहतो, आणि एखाद्या दिवशी तितकाच रिकामा हात हलका वाटतो. डाचणारे दिवस आठवून बघते तेव्हा त्यांत एक गोष्ट सारखी सापडते. त्या दिवशी मासा लागण्याची खरी शक्यता होती की नाही, हेच मला कळलं नव्हतं. बोट तिथे का थांबली, तिथून का हलली, आमिष का बदललं, कुणी काही बोललं नव्हतं. सांगितलं असतं तर न मिळालेला मासासुद्धा थोडा माझा झाला असता.

ट्यूनावाल्या मित्राचं हेच झालं. खडक सोडून आम्ही आत गेलो, सात नॉटच्या चालीनं बोटीमागे चार खोटी आमिषं ओढत. दीड तास काहीच नाही. मग दूरवर पक्षी सूर मारताना दिसले. पक्षी खालच्या लहान माशांवर पडत असतात, आणि ते लहान मासे वर आलेले असतात कारण त्यांना खालून कुणीतरी हाकलत असतं. तांडेलानं बोट थव्यात न घालता वळसा घेऊन कडेनं नेली. थव्यात घुसलं की सगळं खाली जातं, असं तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. आणि उजवीकडचा रॉड वाकला. रीलमधून दोरी सुटण्याचा तो आवाज एकदा ऐकला की माणूस तो विसरत नाही.

पंधरा-वीस मिनिटं मासा आणि तो. ट्यूनाचं शरीर बहुतेक माशांसारखं पाण्याइतकं थंड नसतं. पोहण्याच्या स्नायूंत तयार झालेली ऊब तो रक्तवाहिन्यांच्या एका खास जाळ्यातून राखून ठेवतो, म्हणूनच ती न संपणारी ताकद. मासा बोटीखाली गोल फिरायला लागला, रुपेरी अंग खोलात चमकून गेलं, आणि दोरी सैल पडली. संपलं.

कुणी बोलेना. मित्रानं दोरी गुंडाळली, टोक हातात घेऊन पाहिलं, आणि तांडेलाला सरळ विचारलं, "माझं चुकलं का?"

इथे खोटं बोलणं किती सोपं होतं! नशीब म्हणता आलं असतं, मासाच फार मोठा होता म्हणता आलं असतं. तांडेल म्हणाला, "हो, शेवटी. तो बोटीखाली आल्यावर तुम्ही ड्रॅग घट्ट केलात. लांब असताना दोरी ताणते, धक्का सोसते. जवळ आल्यावर तेवढी दोरीच उरत नाही. तिथे उलट थोडा सैल करायचा." ड्रॅग म्हणजे रीलमधून सुटणाऱ्या दोरीला लावलेला ब्रेक. तो दोरीच्या ताकदीच्या एक तृतीयांश ठेवावा, पंधरा किलोंची दोरी असेल तर पाच किलो, हा ठोकताळा मित्रालाही पाठ होता. घाईत हात गेला. त्यानं मान हलवली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण खरोखर उतरला. मी अगदी समोर होते. हातातून मासा गेलेल्या माणसाला धीराचे चार शब्द नको होते. काय झालं ते त्याला हवं होतं.

मुलाची आई या सगळ्या वेळात सुकाणूपाशी उभी होती. तांडेलानं तिला मासे शोधणाऱ्या यंत्राचा पडदा दाखवला होता. बोटीच्या तळाशी बसवलेल्या डबीतून आवाजाचा ठोका खाली जातो आणि तळाला आपटून परत येतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर जातो, म्हणजे पंचाहत्तर मीटर खोल तळापर्यंत जाऊन यायला सेकंदाचा दहावा भाग. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून तो ठोका विशेष जोरात उलटतो. म्हणून आपण पडद्यावर मासा बघतोय म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या पोटातली हवाच बघत असतो. १९४८ मध्ये जपानमधल्या फुरुनो बंधूंनी हे यंत्र मासेमारीसाठी बाजारात आणलं. त्याआधी तांडेल पाण्याचा रंग, पक्षी आणि बुडबुडे बघत. "अजूनही बघतो," आमचा तांडेल म्हणाला.

पडद्यात डोळे घालून तिला मळमळायला लागलं. बोट लागते ती याचमुळे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि जवळच्या स्थिर वस्तूवर खिळलेले डोळे सांगतात की नाही. ॲडमिरल नेल्सन यांनासुद्धा जन्मभर बोट लागायची, तेव्हा यात कमीपणा कसला. तांडेलानं तिला खाली बसवलं नाही. त्यानं तिला सुकाणू दिलं. "क्षितिजाकडे बघा आणि तो ढग नाकासमोर ठेवा." गाडी चालवणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही, तसंच हे. पुढची हालचाल आपल्याच हातातून जाते म्हणून शरीराला ती आधी कळते. दहा मिनिटांत तिचा रंग परत आला. अर्ध्या तासानं ती बाबांना समजावून सांगत होती की लाट तिरकी का घ्यायची. तिला अशा बोटींवर कुणी कधी काही सांगितलं नव्हतं, कारण सगळे नवऱ्याशी बोलत, असं तिनं मला नंतर सांगितलं. हे मला नवं नव्हतं. मी माझ्या भावाबरोबर जाते तेव्हा गाठ कशी मारायची ते भावाला दाखवतात, जरी त्याला बुटाची नाडी सोडून दुसरी गाठ येत नसली तरी.

याच ओघात एक साधी गोष्ट. दार लागणारं शौचालय, टेकायला सावली, धरायला कठडा. आम्हा बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना दिवस बोटीवर काढायचा की नाही हे पुष्कळदा यावरच ठरतं. फोनवर हे विचारायला लाज वाटते, म्हणून बोटवाल्यानं न विचारता सांगावं.

दुपारी चाळीस मीटर पाण्यावर आलो. इथे मासे सोडणाऱ्या मित्राची पाळी. त्याला हेकरू लागला, चांगला तीन-चार किलोंचा. वर आला तेव्हा पोट फुगलेलं आणि डोळे बाहेर आलेले. दर दहा मीटर खोलीला दाब पाण्यावरच्या हवेच्या दाबाइतका वाढतो, म्हणजे चाळीस मीटरवर तो वरच्या पाचपट. मासा झरकन वर आला की त्याच्या पोटातली हवा पाचपट फुगू पाहते. असा मासा नुसता पाण्यात सोडला तर तरंगत राहतो, खाली जाऊ शकत नाही, आणि पक्ष्यांच्या किंवा मोठ्या माशांच्या तोंडी जातो. सोडल्याचं समाधान आपल्याला, मरण त्याला. मी आधीच्या बोटींवर असे किती सोडले असतील या विचारानं मला तिथेच वाईट वाटलं.

तांडेलानं शिशाचं वजन लावलेला एक चिमटा काढला. माशाच्या खालच्या जबड्याला तो हलकेच लावायचा आणि मासा दोरीनं पुन्हा खोल उतरवायचा. ठरलेल्या दाबाला चिमटा आपोआप उघडतो. दाब परत आला की हवा आकसते आणि मासा पोहत निघून जातो. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात खडकातले मासे गरवणाऱ्या बोटींवर असं साधन, किंवा हवा काढण्याची पोकळ सुई, तयार ठेवणं २०२२ मध्ये कायद्यानं बंधनकारक केलं गेलं. आमच्या बोटीवर ते कुणाच्या सक्तीनं नव्हतं. दोरी हलकी झाली तेव्हा मित्रानं हात पाण्यात बुडवून ठेवला, बराच वेळ. नंतर दोन हेकरू झाल्यावर त्यानं आपणहून रॉड बाजूला ठेवला. एवढ्या खोलीवरून सगळेच वाचत नाहीत, पुरे झालं, म्हणाला.

बाबांचं मात्र गणित होतं. उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून दोन मीटर उंच धरले तर क्षितिज अवघं पाच किलोमीटर दूर असतं. पण किनाऱ्यामागे शंभर मीटरची टेकडी असेल तर स्वच्छ हवेत तिचं डोकं चाळीस किलोमीटरवरूनही दिसावं. तेवढं आत जाणं त्या दिवशी शक्य नव्हतं, आणि तांडेलानं ते धक्क्यावरच सांगितलं होतं. "पण दुपारी हवेत धूर धरतो, बघू," असंही म्हणाला होता. आणि धरला. दीड वाजता मी मागे पाहिलं तर टेकडी होती, जरा वेळानं पाहिलं तर नव्हती. तांडेलानं इंजिन बंद केलं. त्याबद्दल तो कुणाला काही बोलला नाही, दोरी बदलायची आहे असं दाखवत राहिला.

बाबा उठले. कठडा धरून ते एका जागी हळूहळू पूर्ण गोल फिरले. सगळीकडे पाणी. मी लहान असताना मला पहिला गळ त्यांनी बांधून दिला होता, आणि आपण सगळं आयुष्य काठावरूनच गळ टाकला असं ते अलीकडे मधूनमधून म्हणायचे. ते पुन्हा बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्या दिवशी त्यांनी गळ टाकलाच नाही. बोटीवरच्या आम्हा सहाजणांत हिशेबानं सगळ्यांत रिकामे तेच परतले असते, जर माशांचाच हिशेब धरला तर.

परतताना किनारा पुन्हा उगवला. तांडेलानं मला सुकाणूपाशी बोलावलं. त्यानं पडद्यावर एक फडकं टाकलं. "ती टेकडीची सोंड दिसते? आणि तिच्या पुढचं दीपगृह? दोन्ही एका रेषेत आली की सांगा." मग डावीकडच्या दोन खुणा, त्याही तशाच एकावर एक. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खाली खडक. उपग्रह येण्याआधी सगळे तांडेल असेच जागा लक्षात ठेवत, आणि त्याला त्या त्याच्या वडिलांनी दिल्या होत्या. मी डोळे बारीक करून बघत राहिले. दीपगृह सरकत सरकत सोंडेखाली आलं. डावीकडच्या खुणा जुळल्या. "आता," मी म्हणाले. त्यानं फडकं काढलं. पडद्यावर तळाची सपाट रेघ वर चढत होती, अठ्ठावीस मीटर, चोवीस, एकोणीस.

पाण्याकडे बघून खाली काय आहे ते ओळखता यावं, हे मला हवं होतं. इतकी वर्षं हवं होतं, आणि मला सांगता आलं नव्हतं.

त्या डावीकडच्या दोन खुणा कोणत्या हे मी इथे लिहिणार नाही. कुणी गुपचूप फोनवर जागेची नोंद करून घेतात आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच्या बोटीनं तिथे जातात. हे मी पाहिलंय, आणि ते मला चोरीइतकंच वाईट वाटतं. त्या जागा हुडकण्यात माणसांची आयुष्यं गेलेली असतात. आपण एका दिवसाची बोट घेतलेली असते, आयुष्याची नाही.

धक्क्याला लागलो तेव्हा ऊन कलतं होतं. मुलाला घ्यायला त्याचे बाबा आले होते. त्यांनी दुरूनच ओरडून विचारलं, "केवढा मिळाला?"

मुलानं हातातली पाण्याची बाटली आईकडे दिली, दोन्ही तळवे समोरासमोर धरले, जरा लांब नेले, थांबला, आठवून बघितलं, आणि पुन्हा वीतभर अंतरावर आणून स्थिर धरले.

"एवढा," तो म्हणाला.